मोड लिहिलेली खिडकी

मिस्त्रींनी तुळई आखूड कापली आणि बागेतल्या सगळ्यांचे हात थांबले.

थांबण्यासारखंच होतं ते. हा माणूस उभं आयुष्य बसडेपोत गाड्यांच्या सांगाड्यांवर पत्रा आणि लाकूड चढवत आला होता. तिथे नवा फोरमन आला की त्याला जुनी माणसं आधी एवढंच सांगायची, की मिस्त्रींच्या मापावर पुन्हा टेप लावू नका. त्यांना राग येत नाही, पण आपल्यालाच ओशाळं व्हायला होतं. तेच मिस्त्री आता करवत हातात धरून उभे होते, आणि तुळई भिंतीच्या अलीकडेच, चांगली चार बोटं अलीकडे, संपून गेली होती.

"मिस्त्री," नर्सबाई म्हणाल्या, "टेप आखूड झाली की नजर?"

नर्सबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या आणि बागेच्या सर्वेसर्वा. लोक म्हणत, यांचं इंजेक्शन एक वेळ परवडलं, बोलणं नको.

"लाकूडच कपटी निघालं," मिस्त्री म्हणाले.

"ते बिचारं जन्मभर शाळेच्या छताला होतं. त्याला कपट कुणी शिकवलं?"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. हसली नाही ती एकटी त्यांची सून. ती पोरांच्या घोळक्यात उभी राहून पायांनी चिखल तुडवत होती. तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा तुडवायला लागली.

बाग म्हणजे पाण्याच्या टाकीमागची उकिरड्याची जागा. वस्तीतल्या माणसांनी ती वेचून, खणून, चाळून साफ केली होती. फुटक्या न्हाणीच्या टबात टोमॅटो, जुन्या टायरांत पालक, रंगाच्या डब्यांत मिरच्या. आणि कोपऱ्यात ही खोली उठत होती. पोरांनी शाळा सुटल्यावर यायचं, माती म्हणजे काय, बी म्हणजे काय, गांडूळ आपल्यासाठी काय करतं, हे हातात घेऊन शिकायचं, त्यासाठी. अट एकच होती, की नवीन एक वीटसुद्धा आणायची नाही. भिंती चिखलात रोवलेल्या बाटल्यांच्या. दारं पाडलेल्या इमारतींची. बसायला बसची बाकडी, छपराला बसचा पत्रा. तो डेपोने मिस्त्रींच्या शब्दाखातर दिला होता. एका जुन्या दाराला काळा रंग फासून फळा केला होता, त्याची कडी मात्र तशीच राहिली होती, आणि पोरं येता जाता ती वाजवायची.

ही कल्पना मूळ मिस्त्रींच्या मुलाची. तो वायरमन होता, पाडापाडीच्या इमारतींत जुन्या तारा काढायला जायचा आणि येताना काही ना काही खांद्यावर टाकून आणायचा. बायको म्हणायची, हे घर आहे की गोदाम? तो म्हणायचा, शाळा आहे, फक्त अजून उभी राहिली नाही. मग एकदा साधा ताप आला. साधाच वाटला होता. आठवडा पुरा व्हायच्या आत घरात दोनच माणसं उरली, सासरा आणि सून. दोघं एकमेकांसमोर जेवायला बसायची, आणि घास अडकेल म्हणून दोघंही त्याचं नाव काढायची नाहीत.

अशी वर्षं गेली. मग नर्सबाईंनीच विषय काढला. त्यांच्या नात्यात एक मास्तर होते, दूरच्या गावी, बायको गेलेली, मूल नाही, माणूस सरळ. मिस्त्री स्वतः जाऊन त्यांना बघून आले. घर पाहिलं, शाळा पाहिली, शेजाऱ्यांशी बोलले. परत आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला म्हणाले, "पोरी, माणूस चांगला आहे. तू हो म्हण. मुलीला पाठवतात तसं मी तुला पाठवीन."

ती ओट्याकडे वळली. मग म्हणाली, "खोली होऊ दे, अण्णा. ह्यांनी मनात धरलेली खोली मी अर्धी टाकून जाणार नाही. ती झाली की जाईन."

"झाली की जा," मिस्त्री म्हणाले.

आणि त्या दिवसापासून मिस्त्रींची मापं चुकायला लागली.

देवाने माणसाला तोंड दिलं आणि हात दिले. तोंडाचं काय, त्याला आपण शिकवू तसं ते बोलतं. हात मात्र अडाणी. त्यांच्या पोटात काही राहत नाही. मिस्त्रींचं तोंड चारचौघांत म्हणत होतं, पोरीचं भलं होऊ दे, तिला माझ्या डोळ्यांदेखत मार्गाला लागू दे. आणि त्यात खोट काही नव्हती. देवापुढे हात जोडून ते हेच मागायचे. पण हात उघडायचे ते करवत धरायला, आणि करवत म्हणायची, इतक्यात नको.

दार बसवलं ते उघडल्यावर बाटल्यांच्या भिंतीवर आपटेल अशा बाजूने. ते काढून पुन्हा बसवण्यात आठवडा गेला. भिंत पक्की वाळली होती, तरी मिस्त्री तिला तळहात लावून म्हणायचे, "आत ओल आहे अजून. छपराचं वजन आज नको." ओल तपासून बघायची छाती कोणाची? मिस्त्री म्हणतात म्हणजे असणार. संध्याकाळी हत्यारं पिशवीत भरताना ते पुटपुटायचे, देवा, आजचा दिवस गेला, एवढा उद्याचाही जाऊ दे.

मधे एका रविवारी मास्तर आले. नुसते पाहुणे म्हणून नाही, बाह्या दुमडून कामाला उभे राहिले. मिस्त्रींनी मुद्दाम त्यांना पत्र्याचं जड टोक धरायला दिलं. मास्तरांनी धरलं. मग खिळा ठोकताना त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर असा काही घाव घातला की बाजूच्या पोरांनी डोळे मिटले. मास्तर नुसते "हं" म्हणाले.

"ठोकताना खिळ्याकडे बघायचं, अंगठ्याकडे नाही," मिस्त्री म्हणाले.

"वर्गातही तेच होतं माझं. दंगा करतो एक, मी बघतो दुसऱ्याकडे."

"मग मार कोण खातं?"

"तिथेही मीच खातो. हेडमास्तरांचा."

मिस्त्रींना हसू आलं. हसू आलं याचंच वाईट वाटलं. माणूस थोडा जरी वाकडा निघाला असता, एखादा शब्द जरी तुसडा बोलला असता, तर त्यांना धरायला काही मिळालं असतं. पण मास्तर अंगठा चोखत उभे होते आणि पोरं त्यांना चिकटली होती.

निघताना मास्तर म्हणाले, "अण्णा, तुम्हीही चला ना आमच्याकडे. खोली आहे मोकळी."

"नको," मिस्त्री म्हणाले. "मी तिथे बसलो की ती माझ्याकडे बघणार आणि तिला तो आठवणार. तुमचा संसार सुरूच व्हायचा नाही. मला बघायला यायचं असेल तर दोघांनी या."

हे बोलताना त्यांचा आवाज अगदी साफ होता. नर्सबाईंनी पदराने डोळे पुसले. सून चहाचे कप विसळत होती, ती विसळतच राहिली.

तर असं करत करत, मिस्त्रींच्या मनात नसतानाही, खोली होत आली. काम काही एका माणसाचं नव्हतं. ते एक चूक करायचे आणि दहा माणसं आनंदाने ती निस्तरायची. छप्पर चढलं. बाकडी आत गेली. राहिली एक खिडकी.

ही खिडकी मिस्त्रींच्या मुलाने आणलेली, अगदी शेवटी आणलेली. सागवानी चौकट, निळसर काच, आणि खालचा ओटा ऐसपैस, मांजर झोपेल एवढा. कुठल्या तरी जुन्या दवाखान्याची असावी. तो ती पाठीवर बांधून जिना चढला होता आणि दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला होता, "अण्णा, हिच्यासाठी तरी खोली बांधावी लागणार." तेव्हापासून ती घराच्या मागच्या गॅलरीत भिंतीला टेकून होती. सून रोज तिची काच पुसायची. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून दाढी करायचे.

आता ती बागेत आणली. सुनेने खडू घेतला आणि ओट्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मोड'.

"हे काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"इथे कडधान्याच्या थाळ्या ठेवायच्या, अण्णा. पोरांचा पहिला धडा मोडांचा. उजेड चांगला येतो इथे, त्यांना रोज येऊन बघता येईल. आतापासून लिहून ठेवलं म्हणजे तिथे कोणी रंगाचे डबे ठेवायचं नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

इथे डेपोतली एक रीत सांगायला हवी. तिथे एखादा भाग निकामी झाला, दुरुस्तीच्या पलीकडे गेला, की फोरमन त्याच्यावर खडूने 'मोड' असं लिहायचा. मोड म्हणजे मोडीत काढायचा माल. ते लिहिलं की कोणी काही विचारायचं नाही. संध्याकाळी भंगाराची गाडी येऊन तो उचलून न्यायची. मिस्त्रींच्या डोळ्यांना तो शब्द तसाच वाचायची सवय होती. बागेत सगळ्यांना हे माहीत होतं, कारण मागे एकदा सुनेने घरी मोड आलेल्या मटकीच्या डब्यावर चिठ्ठी लावली होती आणि मिस्त्रींनी तो डबा भांडेवालीला देऊन टाकला होता. त्यावर वस्ती महिनाभर हसली होती.

दुपारी मंडळी जेवायला पांगली. उरलासुरला पत्रा न्यायला भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मिस्त्री एकटेच होते.

"एवढंच?" भंगारवाल्याने विचारलं.

मिस्त्रींनी खिडकीकडे बोट केलं.

"ही? मिस्त्री, चांगली खिडकी आहे की हो. सागवान आहे."

"लिहिलंय ना तिच्यावर."

भंगारवाल्याने वाकून वाचलं. "मोड," तो म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर मोड. माझं काय जातंय?" आणि त्याने ती गाडीवर आडवी ठेवली.

मिस्त्रींच्या मनात काय होतं ते सांगतो, म्हणजे त्यांच्यावर अन्याय नको. खिडकी घालवायची नव्हती. भंगारवाला ओळखीचा, त्याचं आवार जवळ. त्याच्याकडे माल पडून राहतो, गंजतो, तेव्हा कुठे तो हात लावतो. उद्या सकाळी जायचं, आणून डेपोत ठेवायची, पण लगेच सांगायचं नाही. शोधाशोध होऊ द्यायची, चार दिवस जाऊ द्यायचे, मग म्हणायचं, सापडली बाबा एकदाची. चार दिवस. एवढ्याच चार दिवसांचा लोभ. रोज काम सुरू करताना आणि संपवताना देवाचं नाव घेणारा हा माणूस, पण त्या दुपारी त्यांनी ते घेतलं नाही. जिभेवर आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते भंगारवाल्याच्या आवारात गेले. तो पोत्यावर बसून चहा पीत होता.

"या मिस्त्री. तुमच्या खिडकीने काल दम काढला माझा."

"कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? मोकळी केली. तुमच्याकडचा माल म्हणून दुसऱ्याला हात लावू दिला नाही, मीच बसलो छिन्नी घेऊन. काय जुनं काम होतं हो, एक खिळा नाही, सगळे सांध्यात सांधे बसवलेले. चौकट काही केल्या सुटेना." त्याने कोपऱ्याकडे मान केली. तिथे निळसर काचांचा ढीग होता. "लाकूड पहाटेच बेकरीवाला घेऊन गेला भट्टीला. सागवान म्हणून खूश झाला."

मिस्त्री त्याच्या शेजारी पोत्यावर बसले.

"चहा सांगू?"

"पडून राहतो ना तुझ्याकडे माल," मिस्त्री म्हणाले. "महिनोन् महिने पडून राहतो."

"राहतो. पण तुम्ही मोड म्हणालात. मला वाटलं तुम्हाला नजरेसमोर नको असेल. पोराची होती ना ती?"

त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याने घाई केली होती, मित्राला डोळ्यांपुढे ते दुःख नको म्हणून. मिस्त्रींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काचांच्या ढिगाशी जाऊन ते उभे राहिले, वाकले, आणि एकही तुकडा न उचलता परत फिरले. उचलून ठेवणार कुठे?

बागेत शोधाशोध सुरू झाली होती. मिस्त्री फाटकातून आत आले आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाले, "खिडकी मी भंगारात दिली. मोड लिहिलं होतं. मला वाटलं, द्यायचीय."

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, हा काय डेपो आहे? मटकीचा डबा घालवलात तेव्हा हसलो आम्ही. आता हसू की रडू?"

"परत आणू ना," एकजण म्हणाला.

"मोडली त्याने. लाकूड जळलं."

त्यांचा कोणालाच संशय आला नाही. तेच अवघड होतं. नर्सबाईंचा आवाज एकदम खाली आला, त्यांनी मिस्त्रींना धरून बाकड्यावर बसवलं आणि त्यांची नाडी बघितली. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, वय झालं हो, मुलगा गेल्यापासून डोकं थाऱ्यावर नाही. त्यांना पाणी दिलं. त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची आणली. उभ्या जन्मात मिस्त्रींना इतकी लाज वाटली नव्हती, आणि ती कोणाला दाखवायची सोय नव्हती.

सून पुढे आली. तिच्या हाताला चुना लागला होता. "असू दे, अण्णा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "चूक झाली. माझीच. मी नीट लिहायला हवं होतं."

दिवेलागणीला घरी दोघं जेवायला बसली. तिने वाढलं. स्वतःला घेतलं नाही. मागच्या गॅलरीच्या दाराकडे मिस्त्रींनी बघायचं टाळलं, तिनेही टाळलं.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

मिस्त्रींचा हात ताटात थांबला.

"तुळई कापलीत तेव्हा मी बघत होते. पेन्सिलीची खूण तुम्ही बरोबर केली होतीत. करवत मात्र खुणेच्या आत चालवलीत. मला दिसलं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटलं मला." ती ताटाकडे बघत होती. "दार उलटं बसवलंत तेव्हाही बरं वाटलं. भिंत ओली आहे म्हणालात, मी म्हटलं, हो हो, ओलीच आहे. म्हटलं, चाललंय ते चालू दे. कोणाचं काय बिघडतंय? पण खिडकी ह्यांची होती, अण्णा."

"हो."

"पाठीवर बांधून आणली होती."

"माहीत आहे मला. मी दार उघडलं होतं त्याला." मिस्त्रींचा आवाज फुटला. "मी परत आणणार होतो, पोरी. गेलो होतो आणायला. मला वाटलं, आज एक दिवस तिकडे राहील. त्याने लगेच... मी माझ्या हाताने माझ्या पोराची... "

ती उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. सासऱ्याच्या पाठीवर सुनेने हात ठेवायची त्यांच्या घरात कधी वेळ आली नव्हती, मुलगा गेला त्या दिवशीही नाही. आज तिने ठेवला.

मग ती म्हणाली, "एवढं सगळं करण्यापेक्षा तुम्ही तोंडाने म्हणायचं होतंत. एकदा. राहा म्हणून."

"म्हटलं असतं तर?"

"राहिले असते."

"म्हणून नाही म्हटलं," मिस्त्री म्हणाले.

ती रडायला लागली. मिस्त्रींनी डाव्या हाताने पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

"राहून काय केलं असतंस? माझ्या गोळ्या बघितल्या असत्यास."

"बघितल्या असत्या."

"आणि मी गेल्यावर? भिंतींशी बोलली असतीस? मी बोलतो ना, मला माहीत आहे त्या काय उत्तरं देतात ते." त्यांनी ताट बाजूला केलं. "तू जा. मला फक्त हात आवरता आले नाहीत. आता आवरतो."

आणि त्यांनी खरंच आवरले. दुसऱ्या दिवशी ते डेपोत गेले, मोडीत निघालेल्या एका बसची मागची काच मागून आणली, आणि एका जादा बाकड्याच्या फळ्या काढून तिला चौकट केली. खालचा ओटा पहिल्याहून रुंद ठेवला. त्या कामाला त्यांनी कोणाचा हात लावून घेतला नाही. टेप लावली, खूण केली, आणि करवत खुणेवरून केसभरही हलली नाही. लाकूड भिंतीतल्या जागेत असं जाऊन बसलं, जसं काही तिथेच वाढलं होतं. प्रत्येक खिळ्याबरोबर ती एक पाऊल दूर जात होती हे त्यांना कळत होतं, आणि तरीही ते खिळा सरळ मारत होते. ओठ हलत होते. काय मागत होते ते देवालाच ठाऊक, कारण या वेळी आवाज नव्हता.

"आली बघा नजर जागेवर," नर्सबाई म्हणाल्या.

"तुमच्या बोलण्याचं औषध लागू पडलं," मिस्त्री म्हणाले.

खोली उघडली त्या दिवशी पोरं दाटीवाटीने बाकड्यांवर बसली. सुनेने पहिला धडा घेतला. तिचा तिथला तो पहिला आणि शेवटचाच. मिस्त्री आत बसले नाहीत. बाहेर टोमॅटोच्या टबाशी उभे राहून नसलेली पिवळी पानं खुडत राहिले. आतला तिचा आवाज त्यांना ऐकू येत होता.

"हे मूग रात्रभर भिजवले. आता ओल्या फडक्यात बांधायचे आणि रोज उघडून बघायचं."

"आणि मोड आले की खायचे, ताई?"

"आधी बघायचे."

"बघून झाल्यावर खायचे?"

"बघून झाल्यावर खायचे."

सगळा वर्ग हसला, आणि तीही हसली. मुलगा गेल्यापासून तिचं असं मोकळं हसणं मिस्त्रींनी ऐकलं नव्हतं. ते ऐकून त्यांना वाटलं, आपण बरोबर केलं. आणि त्याच श्वासात वाटलं, आता हे आपल्याला ऐकू येणार नाही.

नोंदणी कचेरीत सह्या झाल्या. साक्षीदारांत एक सही मिस्त्रींची. मास्तरांनी मित्राचा टेम्पो आणला होता. तिचं सामान ते काय, दोन ट्रंका, शिलाईचं मशीन, पुस्तकांची खोकी. चढवायला वस्ती लोटली होती, त्यामुळे वेळ लागला. जो तो दुसऱ्याला सांगत होता, असं नाही, तसं धर. नर्सबाई मास्तरांना शेवटच्या सूचना देत होत्या. मास्तर प्रत्येक सूचनेला मान हलवत होते.

ती पुढच्या सीटवर बसली. मास्तरांनी गाडी सुरू केली. मिस्त्री तिच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी दाराच्या काठावर हात ठेवला.

"सही केलीस ना सगळीकडे?"

"केली, अण्णा."

"सामान चढलं?"

"चढलं."

"मास्तरांची शाळा उघडतेय. म्हणजे त्यांना पोचायलाच हवं."

"हो."

"म्हणजे आता काही तुला थांबता यायचं नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली.

"कोणी काही म्हटलं तरी?"

तिला कळलं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"कोणी काही म्हटलं तरी, अण्णा."

"नक्की?"

"नक्की."

"मग राहा," मिस्त्री म्हणाले.

तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की ऐकलं म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. मास्तर समोर बघत होते. त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि ते तो उचलत नव्हते.

मग मिस्त्रींनीच हात काढून घेतला, एक पाऊल मागे झाले, आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. डेपोत काम झालेली गाडी बाहेर सोडताना मारतात, तशा.